कचेरीतले मतभेद आणि आपला स्वाभिमान

आपल्यापैकी जो कोणी नोकरी करतो, मग तो कोळसा खाणीत असो, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात असो, चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रात असो किंवा आमच्यासारखा सरकारी कचेरीत खर्डेघाशी करणारा असो, त्याच्या दिवसाचा मोठा भाग आपल्याहून वेगळ्या विचारांच्या माणसांत जातो. वस्तीत विहार आहे, घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे. तेथे आपल्याला कोणी काही विचारत नाही. पण कामावर शेजारच्या टेबलावर गळ्यात तुळशीची माळ घातलेले भाऊ असतात, पलीकडे शुक्रवारी नमाजाला जाणारे भाई असतात, पेन मानणारे गोंड बांधव असतात आणि वरचे साहेब आणखी वेगळ्याच विचारांचे असतात. त्यात निवडणूक आली की प्रत्येकाच्या मनात वेगळा झेंडा! अशा ठिकाणी आपण कसे राहावे? विहारात रविवारी भेटणारी नोकरीला नव्याने लागलेली मुले आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात. म्हणून चार गोष्टी अनुभवाच्या लिहीत आहोत.

आमच्या वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही दोन प्रकारची आपली माणसे पाहिली. एक प्रकार लपणाऱ्यांचा. आडनाव नीट सांगायचे नाही, जयभीम हळू आवाजात म्हणायचे, साहेबांनी पूजेला बसवले की निमूटपणे हात जोडायचे आणि घरी येऊन मुलांना बावीस प्रतिज्ञा पाठ करायला लावायच्या. दुसरा प्रकार रोज भांडणाऱ्यांचा. कोणी प्रसाद पुढे केला की तेथेच भाषण, कोणी कपाळाला गंध लावला की टोमणा. अशा माणसाचे काम मागे पडते आणि मग त्याच्या कामातली चूक काढून त्याचा विचार हाणून पाडणे विरोधकाला सोपे जाते. पहिल्याने स्वाभिमान गमावला, दुसऱ्याने माणसे गमावली. आमच्या मते तिसरा मार्ग आहे. नकार स्पष्ट द्यावा, नाते तोडू नये आणि हक्काची गोष्ट कागदावर करावी.

हा मार्ग आम्ही शोधून काढलेला नाही. बाबासाहेबांनी स्वतः नोकरी केली आहे, हे आपण विसरतो. १९१७ साली ते बडोदा संस्थानात शिष्यवृत्तीच्या करारामुळे नोकरीला गेले. तेथे शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकत, पिण्याचे पाणी मिळत नसे आणि राहायला जागा मिळाली नाही म्हणून शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तेथेही प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशात शिकून आलेल्या माणसाला हे भोगावे लागले! तरी सगळे ब्राह्मण किंवा सगळे सवर्ण वाईट असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते, आणि ते बाबासाहेबांचे सहकारी होते.

पुढे १९४७ साली बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. ज्या काँग्रेसशी ते आयुष्यभर झगडले, १९४५ साली जिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तिच्याच पुढाऱ्यांबरोबर ते एका टेबलावर बसले. मते बदलली म्हणून नव्हे, काम देशाचे होते म्हणून! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी जे भाषण केले, ते प्रत्येक कारकुनाने एकदा वाचावे. त्यात त्यांनी मसुदा लिहिण्याचे श्रेय बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना दिले. मध्यरात्रीनंतरही राबणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांची आठवण ठेवली. आणि जे सभासद पक्षाची शिस्त मोडून त्यांच्या कलमांवर सतत हरकती घेत होते, त्यांचेही आभार मानले. त्यांच्यामुळे चर्चेला जिवंतपणा आला, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याशी न पटणाऱ्याचे आभार मानायला केवढे मोठे मन लागते! आणि जेव्हा निभणार नाही असे दिसले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि एकेक कारण लेखी सांगितले. रुसवा नाही, कुजबुज नाही. लेखी निवेदन!

आता आमच्या छोट्या कचेरीकडे वळतो. रोजचे प्रश्न लहान असतात, पण तेच माणसाला थकवतात. गणपतीची वर्गणी आली की आम्ही पहिल्या वर्षीच सांगून टाकले, "भाऊ, पूजेसाठी देत नाही. पण कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे आजारपण, कोणाचा निरोप समारंभ, तिथे आमचे नाव आधी लिहा." आणि तसेच वागलो. दोन वर्षांनी वर्गणी मागणाऱ्यांनीच यादीतून आमचे नाव वगळले, कोणताही राग न धरता. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आमच्या ओळखीचा एक खाण कामगार सांगतो, "यंत्र पुसायला आणि तेल द्यायला मी पहिला. नारळ फोडायच्या वेळी मात्र बाजूला उभा राहतो." हे आम्हाला पटते. पूजेला बसत नाही, पण नंतरच्या पंगतीला आम्ही बसतो. यावर काही धम्मबंधू नाराज होतात. त्यांना आम्ही एवढेच म्हणतो की आपल्या आजोबांना पंगतीच्या बाहेर, उकिरड्याजवळ बसवत होते. आज तीच माणसे हाताला धरून शेजारी बसवतात. ती जागा आपण लढून मिळवली आहे, ती आपणहून कशाला सोडायची?

सुट्यांचेही तसेच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला आपण दीक्षाभूमीवर जमतो. आम्ही तेथे स्वयंसेवक असतो, म्हणून रजेचा अर्ज महिनाभर आधी देतो. पोळा आणि दिवाळीच्या दिवसांत सहकाऱ्यांना गावी जायचे असते, तेव्हा त्यांचे टेबल आम्ही सांभाळतो. आमच्या १६ तारखेला ते आमचे सांभाळतात. महाशिवरात्रीला मार्कंडादेवच्या जत्रेत कामगिरी लागली तरी आम्ही कां-कू करीत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी मिळते की नाही हे पाहणे ही पूजा नव्हे, ते सरकारी काम आहे आणि माणुसकीचेही आहे.

पण प्रत्येक वेळी असे गोडीगुलाबीने मिटत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही लेखा शाखेत असताना नवे साहेब आले. कचेरीची जागा बदलली, म्हणून त्यांनी सत्यनारायण घालायचे ठरवले. वर्गणीची यादी आम्ही करावी आणि जे कमी पडेल ते सादिलवार खर्चात बसवावे, असा हुकूम झाला. आम्ही म्हणालो, "साहेब, यादी दुसऱ्या कोणाकडे द्यावी. आणि हे देयक सादिलमधून निघणार नाही, लेखापरीक्षणात आक्षेप येईल."

साहेब चिडले. म्हणाले, "तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत बाबासाहेब आडवे येतात."

आम्ही शांतपणे म्हणालो, "साहेब, पैशाचा प्रश्न बाबासाहेबांचा नाही, ऑडिटचा आहे. पूजेला न बसण्याचा प्रश्न मात्र बाबासाहेबांचा आहे. तोही आम्ही लपवत नाही."

पूजा झाली. खर्च वर्गणीतून भागला. पण आठ दिवसांत आमचे टेबल बदलून आवक-जावक दिले गेले. वर्षअखेरीस गोपनीय अहवालात प्रतवारी दोन पायऱ्या खाली आली आणि शेरा पडला की सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही. ज्याने कधी कोणाशी भांडण केले नाही त्याच्यावर हा शेरा! घरी सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पदोन्नती गेली तर महिन्याला किती कमी येतील ते विचारले, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "फ्रिज पुढच्या वर्षी घेऊ. पण हे सोडू नका."

आम्ही सोडले नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात सांगितले आहे की अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येते. आम्ही मुदतीत अभिवेदन दिले. त्यात धर्माचा शब्द लिहिला नाही. किती देयके काढली, किती आक्षेप निकाली काढले, किती वेळा दुसऱ्याचे टेबल सांभाळले, तारखांसह लिहिले. वरच्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा आमचे मोठे बाबू बोलावले गेले. त्या पूजेला यजमान म्हणून तेच बसले होते. त्यांनी सांगितले, "साहेब, हे भाऊ पूजेला बसत नाहीत हे खरं आहे. जुळवून घेत नाहीत हे खोटं आहे. माझ्या बाईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात चार रात्री हेच होते." शेरा काढला गेला. पण त्या वर्षीची पदोन्नतीची यादी तोवर निघून गेली होती. आम्ही दीड वर्ष मागे पडलो आणि तो पगार परत आला नाही. नकाराची किंमत असते, हे तरुणांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण मोठ्या बाबूंची ती साक्ष नसती तर तो शेरा आजही आमच्या अहवालात असता.

त्याच कचेरीत पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याच वस्तीतली मुले आली. जयंतीची पत्रके कचेरीच्या झेरॉक्स मशीनवर काढून द्या म्हणाली. आम्ही नाही म्हणालो आणि खिशातून पैसे काढून दिले. मुलांनी तोंडे वाकडी केली. एक जण म्हणाला, "काका, तुम्ही बी साहेबाचेच झाले." ते ऐकून वाईट वाटले. पण जो कागद सत्यनारायणासाठी सरकारचा आहे, तो भीमजयंतीसाठी आमचा कसा होईल? सहकारी विचारतात, "तुमच्या बाबासाहेबांचा फोटो ऑफिसात चालतो, मग आमचा देव का नाही?" त्यांना सांगावे की महापुरुषांच्या जयंत्या कार्यालयात साजऱ्या कराव्यात असे शासनाचे परिपत्रक असते. त्या यादीत बाबासाहेब आहेत, तसे शिवराय, महात्मा फुले, शाहू महाराज आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही आहेत. तेथे आपण नवस बोलत नाही, संविधानाच्या शिल्पकाराला अभिवादन करतो. हे उत्तर शांतपणे दिले की बहुतेकांना पटते. पण आपणच सरकारी कागद ओरबाडला तर कोणत्या तोंडाने सांगणार?

राजकीय मतभेद धार्मिक मतभेदांपेक्षा अवघड असतात. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत कोणी कोणाशी बोलेना. रोज एकत्र उघडणारे डबे वेगवेगळ्या टेबलांवर गेले. चार दिवस आम्ही पाहिले. पाचव्या दिवशी आपला डबा उचलून शेजारच्या कुणबी मित्राच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "भाऊ, बोलायचं ते बोलू, पण जेवून." तो बोलला, बरेच कडू बोलला. शेवटी त्याच्या मनातले निघाले, "तुमचं आरक्षण आहे जी. आमच्या पोराचं काय? गडचिरोलीत आम्हाले सहा टक्के!"

तो चुकीचे बोलत नव्हता. गडचिरोली जिल्ह्यात जिल्हास्तरावरच्या वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या भरतीत ओबीसींचे आरक्षण राज्याच्या १९ टक्क्यांवरून कमी करून बरीच वर्षे ६ टक्क्यांवर ठेवले होते. आदिवासी बांधवांचा हक्क खरा होता, तसे या घरांचे दुःखही खरे होते. आम्ही त्याला सांगितले, "तुझ्या मुलाचा घास आम्ही खाल्लेला नाही. संविधानात तुमच्यासाठी कलम ३४० आहे. मागासवर्गांसाठी आयोग नेमला नाही, हे बाबासाहेबांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात एक कारण म्हणून सांगितले आहे. तो आयोग पुढे १९५३ साली नेमला गेला." तो पाहतच राहिला. म्हणाला, "हे आम्हाले कोणी सांगितलंच नाही." आम्हीही त्याला आपले सांगितले की धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या लोकांना १९९० सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्याने ते शांतपणे ऐकले. पुढे त्याच्या संघटनेच्या निवेदनाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मत तो आजही दुसऱ्याच पक्षाला देतो. आम्ही कधी विचारले नाही, तोही विचारत नाही.

सरकारी नोकराने एक नियम पाठच करावा. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ नुसार आपल्याला राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही. मत मात्र आपले आहे. म्हणून कचेरीच्या व्हॉट्सॲप गटात आम्ही कोणत्याही पक्षाचा मजकूर टाकत नाही, आपल्या आवडत्या नेत्याचाही नाही. दुसऱ्याने टाकला तर गटात वाद घालत नाही, त्याला एकट्याला गाठून सांगतो. चारचौघांत हरलेला माणूस घट्ट होतो, एकट्याने ऐकलेला विचार करतो. आपल्याच चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. रिपब्लिकन चळवळीचा हा नेता त्या आसनावरून सर्व पक्षांच्या खासदारांचे कामकाज चालवीत होता. आपले टेबल हेही तसेच आसन आहे. समोर येणाऱ्या माणसाची जात, धर्म आणि पक्ष पाहून ते चालत नाही.

याचा उत्तम धडा निवडणुकीच्या कामगिरीत मिळतो. ११ एप्रिल २०१९ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मतदान होते. आमचे पथक आधारशिबिरापर्यंत हेलिकॉप्टरने गेले आणि पुढे पायी भामरागडकडच्या एका गावात पोहोचले. केंद्राध्यक्ष गुरुदेव सेवा मंडळाचे गुरुजी, एक मुसलमान भाई, एक गोंड तरुण आणि आम्ही. एका खोलीच्या शाळेत मुक्काम, एकच बादली आणि एकाच पातेल्यातली खिचडी. संध्याकाळी गुरुजी सामुदायिक प्रार्थनेला बसले, भाईंनी कोपऱ्यात नमाज पढली, आम्ही पहाटे त्रिसरण-पंचशील म्हटले. कोण निवडून येईल, हा विषय कोणी काढला नाही. बाहेर भीती होती आणि आत प्रत्येकाला दुसऱ्याचा आधार होता. सकाळी सात ते दुपारी तीन मतदान. ती महात्मा फुल्यांची जयंती होती, हे आम्हाला गुरुजींनीच आठवून दिले. गावातल्या एका म्हाताऱ्या माडिया बाबांनी अंगणवाडीताईंच्या मार्फत प्रत्येकाला विचारले, तुझा पेन कोणता? आमची पाळी आली तेव्हा आम्ही सांगितले, "आमचा देव नाही. बुद्ध आमचे मार्गदाते आहेत." त्यांनी मान हलवली आणि विचारले, "मग तुमची माणसं जमतात कुठे?" आम्ही म्हणालो, "चंद्रपूरला." ते म्हणाले, "जमता ना, मग बरं आहे."

येथपर्यंत आम्ही कायम नोकरीवाल्याचे सांगितले. पण आज आपली कितीतरी मुले कंत्राटावर आहेत. उद्या ठेकेदाराने येऊ नको म्हटले की संपले. त्यांना आम्ही घरात बसून शूरपणा शिकवणार नाही. त्यांनी एकट्याने अंगावर घेऊ नये. संघटनेत जावे, चार जण मिळून बोलावे, हजेरी आणि पगाराच्या नोंदी जपून ठेवाव्यात. एखाद्या पोराला पोटासाठी कोठे गप्प उभे राहावे लागले तर विहारात त्याची टिंगल करू नये. आणि भगिनींचे दडपण तर वेगळेच! नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या, नाही नेसली तर फोटोत बाजूला. आमच्या सौभाग्यवती अंगणवाडीत काम करतात. त्या मैत्रिणींना म्हणतात, "साडी आवडीची नेसते, नवरात्र धरत नाही. फोटोत मात्र मधेच उभी राहीन." आणि मैत्रिणी हसून त्यांना मधे घेतात.

बंधू-भगिनींनो, संविधानाच्या कलम २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपल्याला दिले, तसे समोरच्यालाही दिले. म्हणून कामावरून आल्यावर मुलांसमोर सहकाऱ्यांबद्दल काय बोलता ते सांभाळा. "तो अमक्या जातीचा, असाच असणार" हे वाक्य आपल्या घरात उच्चारले जाऊ नये, कारण हेच वाक्य आपल्या बापजाद्यांविषयी हजारो वर्षे उच्चारले गेले. पूजेला नाही म्हणताना आवाज कापू देऊ नका आणि दवाखान्यात रात्र काढायची वेळ आली तर जात विचारू नका. काम चोख ठेवा, अर्ज लेखी द्या, डबा एकत्र उघडा. आपल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला धम्म काय असतो हे पुस्तकातून कळणार नाही, ते आपल्या वागण्यातूनच कळणार आहे.

जयभीम!